गवताच्या गंजीआडची सभा

मराठी मुद्रणाचा, नियतकालिकांचा किंवा स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना 'अमेरिकन मिशन' हे दोन शब्द वारंवार येतात. पण ते येतात ते एखाद्या सिद्ध वस्तूसारखे. जणू बोस्टनमध्ये घडवलेली एक संस्था जहाजात घालून मुंबई बंदरात उतरवली आणि तिने लगोलग छापखाना सुरू केला. ही संस्था आली कुठून, ह्या प्रश्नात आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी फारसे लक्ष घातलेले नाही. धर्मप्रसाराच्या इतिहासाशी आपल्याला काय कर्तव्य, असे त्यांना वाटले असावे. परंतु ह्या संस्थेचे मूळ कोणत्याही चर्चच्या ठरावात नाही, ते एका ख्रिस्ती कॉलेजातील मूठभर विद्यार्थ्यांच्या मंडळात आहे. विद्यार्थ्यांची मंडळे, त्यांच्या घटना, त्यांची इतिवृत्ते ही शिक्षणाच्या समासात लिहिण्याची गोष्ट समजली जाते. येथे समासच मूळ मजकुरापेक्षा मोठा झाला, आणि त्याचे बरेवाईट परिणाम मॅसॅच्युसेट्सपासून हजारो मैलांवरच्या मराठी मुलखाने पाहिले.

ते कॉलेज म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील विल्यम्स कॉलेज. स्थापना १७९३ची. डोंगराळ भाग, आजूबाजूला शेते, विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांचे आणि पाद्र्यांचे मुलगे. अध्यापन पाठांतराचे होते. विद्यार्थ्यांना बोलायला, वाद घालायला, निवडणुका लढवायला आणि पदे भूषवायला जागा मिळे ती फिलोलॉजियन व फिलोटेक्नियन ह्या दोन वाङ्मयसभांत. त्या काळच्या अमेरिकन कॉलेजांमध्ये अशा सभांची स्वतःची ग्रंथालये असत आणि पुष्कळदा ती कॉलेजच्या ग्रंथालयापेक्षा वाचनीय असत. (आपल्याकडील वाङ्मय मंडळे जुलैत हारतुऱ्यांनिशी उद्घाटन झाले की फेब्रुवारीच्या अहवालापर्यंत अज्ञातवासात जातात. तसा प्रकार तेथे नव्हता.) ठराव मांडणे, विरोधी बाजू ऐकून घेणे, बहुमताने हरणे, वर्गणी गोळा करणे, टिपण लिहून वाचून दाखवणे, हे सारे शिक्षण मुले एकमेकांकडून घेत होती. पुढे जे घडले त्याचे तंत्र ह्या सवयींतून आले आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. भक्तिभाव पुष्कळांकडे असतो, पण समिती नेमता येणारे थोडे.

१८०६च्या ऑगस्टमधील एका शनिवारी दुपारी पाच विद्यार्थी कॉलेजजवळच्या मेपलच्या राईत प्रार्थनेसाठी जमले होते. सॅम्युएल मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन ही त्यांची नावे. वादळ उठले, पाऊस आला, तेव्हा ते शेजारच्या कुरणातील गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले. तेथे बोलणे निघाले ते आशियाचे. मिल्सचे म्हणणे असे की आशियात ख्रिस्ताचा संदेश आपणच नेला पाहिजे. चौघांना ते पटले. लूमिसला पटले नाही. त्या प्रदेशांत आधी सुधारणा व्हायला हवी, नाहीतर गेलेला माणूस मारला जाईल, असा त्याचा आक्षेप होता. उरलेल्यांनी प्रार्थना केली, आभाळ निवळले, मुले परत गेली.

ह्या प्रसंगाचे पुढे फार मोठे आख्यान झाले. १८६७ साली त्या जागी संगमरवरी स्मारक उभे राहिले आणि त्यावर पाचही नावे कोरली गेली, आक्षेप घेणाऱ्या लूमिसचेसुद्धा. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबायला हवे. नेमकी जागा कोणती ते निश्चित झाले १८५४ साली, ग्रीनने दाखवली तेव्हा. म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. तोपर्यंत ग्रीन न्यूयॉर्क राज्याच्या राजकारणात वावरून अमेरिकन काँग्रेसचे सभासदत्वही भोगून आलेला म्हातारा गृहस्थ होता. आख्यानातील वीज, पाऊस आणि निवळलेले आकाश ह्यांना स्मृतीने किती रंग दिला असेल हे ओळखायला फार मोठी समीक्षादृष्टी लागत नाही. उत्पत्तिकथांना एक दृश्य लागतेच. माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने त्या दुपारपेक्षा दोन वर्षांनंतरची एक कोरडी घटना महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे स्मारक पाहणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही.

७ सप्टेंबर १८०८ रोजी विल्यम्समध्येच मिल्स, रिचर्ड्स, एझ्रा फिस्क, जॉन सीवर्ड आणि ल्यूथर राइस ह्यांनी 'सोसायटी ऑफ द ब्रेदरन', म्हणजे बंधुमंडळ, स्थापन केले. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिली गेली. मंडळ अस्तित्वात आहे हेच मुळी गुप्त ठेवायचे होते. उद्देश एका वाक्याचा होता : परधर्मीयांत धर्मप्रसाराला जायचे, आणि तेही सभासदांनी स्वतः जायचे. 'कोणीतरी जावे' असा ठराव करण्याची सोय ह्या घटनेत नव्हती. शिवाय, ह्या उद्देशाच्या आड येईल असे कोणतेही बंधन सभासदाने स्वीकारायचे नाही, अशी अट होती. चांगली नोकरी, ठरलेले लग्न, आईवडिलांना दिलेला शब्द, सगळे त्या अटीखाली येत होते.

गुप्तता कशासाठी? छळाची भीती नव्हतीच. भीती होती हसे होण्याची. परदेशात धर्मप्रसारक पाठवील अशी एकही संस्था तेव्हा अमेरिकेत नव्हती. विशी ओलांडलेली मुले जग पालटायला निघाली आहेत असे कळले असते तर वडीलधाऱ्यांनी त्यांना उतावळे ठरवले असते, आणि बेत फसला असता तर पुढच्यांची वाट बंद झाली असती. ह्यात तारुण्यातील गुप्त खुणांची हौस अजिबात नसेल असे मला वाटत नाही. पण हौसेपेक्षा हिशेब जास्त होता. मंडळींनी नामवंत धर्मोपदेशकांची मिशनकार्यावरील प्रवचने पदरच्या खर्चाने छापून वाटली. इतर कॉलेजांशी संधान बांधायचे ठरवले, मिल्स काही काळ येलला जाऊन आला. बाहेरून पाहणाऱ्याला असे वाटावे की लोकमत आपोआप तयार होत आहे.

पुढे ह्यांतील काही जण अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात गेले आणि मंडळही त्यांच्याबरोबर तेथे गेले. तेथे त्यांना ॲडोनायरम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल असे इतर कॉलेजांतून आलेले समानधर्मी भेटले. विल्यम्सचा १८०८चा पदवीधर गॉर्डन हॉल हाही ह्याच वर्तुळातला. १८११ साली अँडोव्हरला एक उघड मंडळ निघाले. परदेशांची माहिती जमवणे, निबंध वाचणे, दूरदूर पत्रे पाठवणे, ग्रंथ गोळा करणे हे त्याचे काम. आत शपथ घेतलेले गुप्त मंडळ आणि बाहेर वाचन-चर्चेचे खुले मंडळ अशी ही दुहेरी रचना होती. नंतरच्या काळातील राजकीय चळवळींचा अभ्यास केलेल्यांना ती ओळखीची वाटेल.

जून १८१०मध्ये ब्रॅडफर्ड येथे मॅसॅच्युसेट्सच्या धर्मोपदेशकांची सभा भरली होती. तिच्यापुढे विद्यार्थ्यांनी एक अर्ज ठेवला. आम्हांला जायचे आहे, आम्ही अमेरिकेतील मंडळींवर विसंबावे की इंग्लंडमधील संस्थेकडे वळावे, एवढेच त्यांनी विचारले होते. अर्जावर सहा सह्या होत्या. सहा नावे पाहून वडील मंडळी घाबरतील, म्हणून राइस आणि रिचर्ड्स ह्यांची नावे काढून टाकण्यात आली व चारच ठेवली. अर्ज लिहिणाऱ्यांना सभा कशी चालते हे पक्के ठाऊक होते. २९ जून रोजी 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले. इतिहासात संस्थापक म्हणून नोंद झाली ती बोर्डाच्या प्रतिष्ठित सभासदांची.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस ह्यांना दीक्षा मिळाली आणि महिन्याभरात ते दोन जहाजांनी कलकत्त्याकडे निघाले. मिल्स गेला नाही. ज्याच्या डोक्यातून हे सारे निघाले तो आयुष्यभर देशातच संघटना करीत राहिला, आणि १८१८ साली आफ्रिकेहून परतताना जहाजावर वारला. आशिया त्याने पाहिला नाही.

कलकत्त्यास उतरताच ईस्ट इंडिया कंपनीने ह्या मंडळींना निघून जाण्याचा हुकूम केला. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालेले. जडसन बाप्टिस्ट होऊन ब्रह्मदेशाकडे गेले. राइसही बाप्टिस्ट होऊन अमेरिकेस परतले. न्यूएल दांपत्य मॉरिशसला गेले आणि तेथे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल मरण पावली. तिचे वय १९ वर्षांचे होते. हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत आले. तेथेही हद्दपारीचा हुकूम होताच. त्यांनी अर्जामागून अर्ज केले, एकदा गलबतातून पळ काढून कोचीनपर्यंत पोहोचले आणि तेथून परत आणले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन हे धर्मभीरू गृहस्थ होते. हॉल आणि नॉट ह्यांनी त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करणारे पत्र लिहिले, ते कामी आले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना धर्मप्रसारकांना दार उघडले आणि मराठी मिशन मुंबईत स्थिरावले.

येथे लूमिसची आठवण होते. आधी सत्ता आणि व्यापार, मग धर्म, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. त्याच्या मित्रांना तो अश्रद्धेचा वाटला, आणि नैतिक दृष्ट्या तो आपल्यालाही रुचणार नाही. पण वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून तो खरा निघाला. गंजीआडच्या सभेने साम्राज्याचा विचार केला नव्हता, आणि मुंबईत पाय टेकायला जागा मिळाली ती साम्राज्याच्या परवान्याने. विद्यार्थिमंडळात एकटा पडलेला सभासद पुष्कळदा मंडळाला न दिसणारी एखादी गोष्ट पाहत असतो. लूमिस मेन राज्यातील बँगर गावी पाद्री झाला आणि तेथेच राहिला.

मंडळाला न दिसलेली आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मराठी माणूस. 'आशिया' हा शब्द उच्चारणाऱ्या त्या पाच मुलांना मराठी नावाची भाषा आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निर्णय आधी झाला, मुलूख नंतर मिळाला, आणि भाषा तर त्याहून नंतर. १८१८ साली हॉल आणि न्यूएल ह्यांनी मुंबईहून एक पुस्तिका लिहिली. तिच्या नावातच साठ कोटींचा आकडा आहे : ख्रिस्ती नसलेल्या साठ कोटी लोकांचा आपल्यावरील हक्क, असा त्या नावाचा आशय. अवघ्या जगासाठी किती धर्मप्रसारक लागतील ह्याचे गणित तीत मांडले आहे. ही मंडळाच्या खोलीतली भाषा होती. पण हेच हॉल त्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर उभे राहून, पंडितांकडून शिकलेल्या मराठीत, एकेका माणसाशी वाद घालत होते. त्या माणसांची उत्तरे गणितात बसणारी नव्हती. हॉल १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेत पटकीने वारले, ४१व्या वर्षी.

मराठीच्या इतिहासात उरले ते मात्र गणिताबाहेरचे काम. होरेशिओ बार्डवेल १८१६ साली आल्यावर मिशनचा मराठी छापखाना उभा राहिला, आणि १८२६पर्यंत संपूर्ण नवा करार मराठीत छापून झाला. गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढावासा वाटला तो हा छापखाना पाहून. थॉमस ग्रॅहम ह्यांच्या हाताखाली लहानपणी टाइप घासायला बसणारे जावजी दादाजी ह्यांनी पुढे निर्णयसागर काढले. १८६९नंतर निर्णयसागरच्या सुबक टाइपात जे संस्कृत आणि मराठी ग्रंथ बाहेर पडले, त्यांतील बहुसंख्य पाहून मिल्सने कपाळाला हात लावला असता. शपथ घेताना सभासदांना आपल्या साधनांवर ताबा होता, पण साधने दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय करतील ह्यावर नव्हता.

स्त्रियांना तर बंधुमंडळात जागाच नव्हती. नावातच 'बंधू' होते. ॲन जडसन, हॅरिएट न्यूएल, रोक्साना नॉट ह्यांनी निघण्याच्या सुमारास लग्ने केली आणि ज्या ठरावावर त्यांचे मत विचारले गेले नव्हते तो आयुष्याने पाळला. १८२७ साली सिंथिया फॅरार मुंबईत आल्या. अविवाहित, शिक्षिका, कोणाची पत्नी म्हणून नव्हे. मिशनने मुलींची शाळा १८२४मध्ये सुरू केली होती. फॅरारबाईंनी तो पसारा वाढवला. १८३९ साली त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली तेथेच निवर्तल्या. जोतीराव फुले ह्यांनी मुलींची शाळा काढण्यापूर्वी पाहिल्या त्या फॅरारबाईंच्या नगरच्या शाळा. सावित्रीबाईंच्या अध्यापनशिक्षणाशीही त्यांचे नाव जोडले जाते. महाराष्ट्राच्या इतिहासावर ह्या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत खोल ठसा कोणाचा, असे विचारले तर मी ज्यांना मंडळाचे दार बंद होते त्या ह्या बाईंचे नाव घेईन.

आता आपल्याकडील विद्यार्थिमंडळांकडे वळू. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. निबंधवाचन, चर्चा, पत्रिका ही कार्यपद्धती तीच. एल्फिन्स्टन हे सरकारी, धर्मनिरपेक्ष विद्यालय होते, तेव्हा विल्यम्सचे अनुकरण वगैरे शोधण्यात अर्थ नाही. दोन्हींच्या मागे अठराव्या शतकातील इंग्रजी चर्चामंडळांचा वारसा आहे. पण १८४९मध्ये ह्या सभेच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला विनावेतन स्वतः शिकवले. 'सभासदांनी स्वतः' हा जो शब्दप्रयोग बंधुमंडळाच्या घटनेत होता त्याचा हा मुंबईतला अर्थ.

आणि ह्याच १८४९ साली, जवळपास ह्याच वर्तुळात, परमहंस सभा स्थापन झाली. तीही गुप्त होती. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी जातिभेद मोडायला निघाले होते. दीक्षाविधीत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा असे. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीला गेले, नावे फुटणार अशी हवा उठली आणि सभा विस्कटली. बंधुमंडळ मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकले, त्याची सांकेतिक घटना कोणी चोरली नाही. ही तुलना परमहंस सभेला हिणवण्यासाठी अनेकदा केली गेली आहे, म्हणजे 'आपले लोक भित्रे' ह्या चालीवर. ती न्याय्य नाही. अमेरिकन मुलांचा ठराव दुसऱ्यांचा समाज बदलण्याचा होता. तो उघडकीला आला असता तर त्यांना कोणी जेवणाच्या पंगतीतून उठवले नसते. परमहंस सभेचा ठराव स्वतःच्या स्वयंपाकघरापर्यंत येणारा होता, आणि बायकोचे माहेर, मुलीचे लग्न, आईचे श्राद्ध हे सारे त्या दप्तरातील एका नावावर टांगलेले होते. पटकीला सामोरे जाण्याचे धैर्य आणि सोयऱ्यांना सामोरे जाण्याचे धैर्य ही दोन वेगळी धैर्ये आहेत. पहिले दुसऱ्यापेक्षा मोठे असते असे खात्रीने सांगता येत नाही.

बंधुमंडळाच्या जुन्या सभासदांत रॉयल वाइल्डर हे एक. ते १८४६ साली मराठी मुलखात आले आणि १८५२पासून कोल्हापुरात राहिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. कुटुंब अमेरिकेस परतल्यावर तो प्रिन्स्टनला शिकला आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या मंडळाच्या धर्तीवर त्याने तेथे विद्यार्थ्यांचे नवे मंडळ काढले. बहीण ग्रेस माउंट होल्योक ह्या मुलींच्या विद्यालयात हेच करीत होती. १८८६च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथील शिबिरात अडीचशे विद्यार्थी जमले आणि शिबिर संपेपर्यंत शंभरांनी परदेशी जाण्याची प्रतिज्ञा केली. त्यातून उभ्या राहिलेल्या स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळीचे अध्वर्यू जॉन मॉट पुढे १९४६च्या नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी झाले. एकाच पिढीत सारे जग, ही ह्या चळवळीची घोषणा. हॉल आणि न्यूएल ह्यांचा साठ कोटींचा हिशेब पुन्हा एकदा वर आला होता, आणि ह्या वेळी तो मांडणाऱ्याच्या कानावर लहानपणी कोल्हापूरची मराठी पडलेली होती. तिचा त्या हिशेबावर काही परिणाम झालेला दिसत नाही.

परिणाम झाला तो निराळ्या दिशेने. मराठी मिशनने १८४२ साली नगरला काढलेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन १९१२पासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे होते. मिशनच्या शिस्तीत त्यांनी बरीच वर्षे काढली होती. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे सारखाच प्रवेश होता.